लाइन चालू हाय, बारसं अडलंय

आमच्या गावात इंटरनेट चालत येतं. परभणीहून निघतं, पिंगळीच्या अलीकडं खांबावरून खाली उतरतं, शाळेच्या पत्र्यावर जरा दम खातं, लिंबाच्या फांद्यांतून वाट काढतं, शेजारणीच्या धुणं वाळत घालायच्या तारेला टेकून चार गोष्टी करतं आणि मग आमच्या खिडकीच्या गजातून आत शिरतं. वाटेत वानरं भेटली तर आल्या पावली परत जातं. एकदा एका हुप्प्यानं ती वायर दाढेखाली धरली होती. मी त्या वेळी सोयाबीनचे भाव बघत होतो. माझ्या पडद्यावर काही आलं नाही, पण भाव त्या हुप्प्याला बरोबर कळले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी त्याची सगळी टोळी भुईमूग सोडून सोयाबीनच्या रानात उतरली. ज्याला खोटं वाटतं त्यानं येऊन हुप्प्याला विचारावं. तो अजून आहे.

हे इंटरनेट आमच्या घरात एकाच ठिकाणी मुक्कामाला असतं, माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात. नेटवाल्यानं बसवलेल्या डब्याला वायफाय होतं, नव्हतं असं नाही. पण त्याचा पासवर्ड फुटला आणि आमच्या ओट्यावर एवढी गर्दी बसायला लागली की एस.टी.च्या ड्रायव्हरला वाटलं नवा थांबा झाला. तो गाडी दारात उभी करायला लागला. शेवटी बायको म्हणाली, "एक तर हे हवेतलं बंद करा, न्हाई तर मी इथं चहाची टपरी टाकते." मी हवेतलं बंद करून घेतलं. तेव्हापासून आमचं नेट वायरीतून येतं आणि वायरीतच राहतं. मोबाइलला रेंज म्हणाल तर बोलण्यापुरती, तीही जागा बघून. चित्र बघायला गेलं की समोरच्या माणसाच्या तोंडाचे चौकोन चौकोन होतात, गोधडी शिवायला काढल्यासारखे.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं कुणी तरी विचारणारच, की मोबाइल नव्हता का तुमच्याकडं. होता. सगळ्यांकडं होता. तरी आमची जी फजिती व्हायची ती झालीच.

झालं असं की माझ्या जर्मनीतल्या मुलाला मुलगा झाला. आमच्याकडं बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. तिनं पाळण्यावर वाकायचं, बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, कुर्र करायचं आणि नाव सांगायचं. ती वाकलेली असताना बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधपा बुक्क्या घालायच्या. बुक्क्या कशासाठी, हे मी अण्णांना म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं होतं. अण्णा गावचे जोशी, त्यांना सगळं माहीत. ते म्हणाले, "आत्याला हसू यावं म्हणून." आमची शेजारीण मावशी म्हणाली, "आत्या माहेरी येऊन लय तोरा करती म्हणून." दोन्ही खरं असेल.

बाळाची आत्या म्हणजे माझी लेक, मुलाच्या आधीची. ती पूर्ण्याला दिलेली, तिथंच शाळेत शिकवते, जावई रेल्वेत. जावयाच्या पासावर पार कुठल्या कुठं जाता येतं, पण तो जर्मनीपर्यंत चालत नाही, हे मी स्टेशनात स्वतः विचारून घेतलं. तिथला बाबू माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला.

लेकीचा जीव धाकट्या भावावर. तो लहान असताना ही त्याला काखेत मारून गावभर फिरायची, एवढीशी पोर आणि तेवढंच ओझं. लांबून दोन डोक्यांचं एकच लेकरू चालल्यासारखं दिसायचं. त्यानं फोनवर तिला शब्द दिला होता, "ताई, नाव तूच ठेवायचंस. आमी दोघं काही सुचवणार न्हाई." झालं. तेव्हापासून ते नाव तिच्या पोटात. नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. मला तर नाहीच, कारण मला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पोखर्णीला पोचते असा घरात माझा लौकिक आहे. साफ खोटं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते.

बारसं ठरलं बाराव्या दिवशी. अण्णांनी मुहूर्त काढला दुपारी चार ते पाचचा. तिकडं तेव्हा जेवणवेळ, म्हणजे तिकडच्या पाहुण्यांचीही सोय. मुलानं आदल्या दिवशी एक दुवा पाठवला. कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडायचा, त्या दुव्यावर बोट आपटायचं, की इकडं आमचं घर तिकडं दिसणार आणि तिकडचा पाळणा इकडं. आदल्या दिवशी करून बघितलं तर लख्ख दिसलं. बाळ झोपलेलं होतं, त्याची टाळू सुद्धा उडताना दिसली. लेक पूर्ण्याहून गाडीनं आली ती जरीकाठाची साडी, झबलं आणि पोटातलं नाव घेऊन.

बायकोनं आमच्याकडंही पाळणा बांधला. रिकामा पाळणा हलवू नये म्हणून त्यात वरवंटा ठेवला, त्याला कुंची घातली, काजळाची तीट लावली. बारशाला वरवंटा लागतोच, पण आमचा वरवंटा त्या दिवशी असा काही गोंडस दिसत होता की आलेली प्रत्येक बाई आधी त्याचीच दृष्ट काढायची. गल्लीतल्या बाया खोलीत दाटीवाटीनं बसल्या. समोर कॉम्प्युटर. त्याच्या पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पोखर्णीच्या नरसिंहाचा स्टिकर. तो अण्णांनी दसऱ्याला शस्त्रपूजेत कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं तेव्हा चिकटवला. देवाच्या चित्राआड काय झाकलं जातंय हे आमच्यापैकी कुणी कधी बघितलं नाही. देवाला बाजूला सरक म्हणायची कुणाची छाती?

चारला मी दस्तीनं तोंड पुसलं, खुर्चीत बसलो आणि दुव्यावर बोट आपटलं.

पडद्यावर एक लाल त्रिकोण आला आणि खाली लिहिलं, आपले कनेक्शन खाजगी नाही.

मी मागं वळून बघितलं. सगळी गल्ली माझ्या खांद्यावरून वाचत होती. खाजगी नव्हतंच.

पुन्हा आपटलं. पुन्हा तेच. बातम्यांचं पान उघडून बघितलं, तेच. हवामानाचं उघडलं, तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, डबा बंद करून चालू केला, मग दोन्ही एकदम बंद करून आधी कुणाला उठवावं यावर बायकोशी वाद घातला. लाल त्रिकोण हलला नाही. आमच्या मळ्यातला बांधाचा दगड एक वेळ हलेल.

"भाऊजी," शेजारीण मावशी म्हणाली, "हे यंतर अडलंय. सुईण बोलवा."

बाया खिदळल्या. लेक हसली नाही. ती पाळण्याच्या दोरीला धरून उभी होती.

सुईण म्हणजे नेटवाला. त्याला फोन लावला. आमच्या खोलीत मोबाइलवर बोलायचं तर खिडकीच्या गजाला कान लावायला लागतो, तसा लावला.

"सर, डब्यावर दिवे लागलेत का?"

"लागलेत."

"हिरवे का लाल?"

"हिरवे."

"सगळे?"

"सगळे. दिवाळी केल्यासारखे."

"मंग लाइन चालू हाय सर. प्रॉब्लेम तुमच्या साइडचा हाय."

"माझ्या साइडला म्हणजे कुठं?"

"तुमच्या साइडला, सर."

मी माझ्या साइडला बघितलं. माझ्या साइडला बायको होती, लेक होती, गल्लीतल्या बाया होत्या, अण्णा होते, कुंची घातलेला वरवंटा होता आणि घुगऱ्यांचं पातेलं होतं. यांतला प्रॉब्लेम कोणता, हे त्यानं सांगितलं नाही. "ब्राउझरमधला गाळ काढा सर, जुनं साठलेलं असतंय," म्हणाला. मी गाळ काढला. आमच्या विहिरीचा गाळ काढायला सुद्धा मी एवढा वाकलो नव्हतो. त्या गाळाबरोबर माझे सगळे पासवर्ड गेले, विजेच्या बिलाचं पान गेलं, जन्मापासून बघितलेलं सगळं गेलं. लाल त्रिकोण तेवढा राहिला.

अण्णा उठले. अण्णांना ऐकू कमी येतं, पण घरात काही अडलं की त्यांना वासानं कळतं. "डब्याचं तोंड कोणीकडं हाय?" त्यांनी विचारलं. दक्षिणेकडं होतं. त्यांनी डबा हातानं पूर्वेकडं फिरवला, त्यावर अक्षता टाकल्या. एक अक्षत डब्याच्या भोकातून आत गेली ती आजही हलवला की वाजते. दिवे हिरवेच राहिले. अण्णा समाधानानं परत आरामखुर्चीत जाऊन बसले.

मी नेटवाल्याला पुन्हा फोन लावला. "दुसरा ब्राउझर हाय का सर? त्याच्यातून जाऊन बघा." दुसरा होता. मुलानं कधी तरी घालून ठेवलेला, कुणी न उघडलेला, आहेरात आलेल्या पातेल्यासारखा. तो उघडला, दुव्यावर गेलो. या वेळी त्रिकोण नाही. एक घड्याळाचं चित्र आलं आणि खाली स्वच्छ मराठीत लिहून आलं, तुमचे घड्याळ पुढे आहे.

 खोलीतल्या सगळ्या माना एकदम वर गेल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडं.

ते घड्याळ पुढं होतं. कायमच असतं. लोक मुहूर्ताला उशिरा येतात म्हणून अण्णांनी ते दहा मिनिटं पुढं लावून ठेवलेलं आहे, आणि गावाला ते माहीत असल्यामुळं लोक वीस मिनिटं उशिरा येतात.

"अगं माय!" शेजारीण मावशीनं पदर तोंडाला लावला. "त्याला दिसायलंय!"

आणि खरंच, पडद्याच्या वर तो कॅमेऱ्याचा डोळा, बरोबर समोरच्या भिंतीकडं रोखलेला. आता शहाण्या माणसानं म्हणावं की असं कुठं असतं का. मी हायस्कुलात कारकून आहे, मीही एरवी म्हटलं असतं. पण लाल त्रिकोणासमोर इतका वेळ बसून बघा, मग सांगा. मी खुर्चीवर खुर्ची ठेवून चढलो आणि घड्याळ दहा मिनिटं मागं केलं. खाली उतरून बघितलं. तुमचे घड्याळ पुढे आहे. मग माझ्या मनगटावरचं बघितलं, तेही जरासं पुढं निघालं, ते मागं केलं. बायकोचं केलं. मावशी घरी पळत जाऊन तिचं गजराचं घड्याळ घेऊन आली, म्हणाली, "ह्याचंही करा, शेजारी ऱ्हाते, उगं माझ्यामुळं अडायला नको." थोड्या वेळात गल्लीत एक घड्याळ असं राहिलं नाही की जे मी कॅमेऱ्यासमोर धरून मागं केलं नव्हतं.

"काय म्हणायलंय ते?" अण्णांनी आरामखुर्चीतून विचारलं.

"काही न्हाई अण्णा," मी ओरडून म्हणालो. "बसा तुमी."

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

इतक्यात खिडकीत ठेवलेला बायकोचा फोन वाजला. जर्मनीहून मुलगा, साधा आवाजाचा कॉल. आवाज तुटत होता, तरी कळत होता. "बाबा, काय करायलाव? इथं सगळे थांबलेत."

"प्रॉब्लेम आमच्या साइडचा हाय," मी म्हणालो. आता मलाही तेवढं एकच वाक्य येत होतं.

मग सूनबाई बोलली. पोरगी गुणाची, मोठ्यांशी बोलताना आवाज खाली ठेवणारी. "आई, बाळ कधीचं जागं आहे, आता रडायला लागलंय. पाहुणेही ताटकळलेत. पाचच्या आत व्हायचं म्हणाले ना आजोबा? इथं माझी एक मैत्रीण आहे, नगरची. ताईंची हरकत नसेल तर... तिला आत्या म्हणून उभं करू का? ताईंनी मला फक्त नाव सांगायचं, मी तिला सांगते."

फोन स्पीकरवर होता. सगळ्या बायांनी ऐकलं.  मावशीचा पदर पुन्हा तोंडाला गेला.

लेकीनं पाळण्याची दोरी सोडली. "थांबा म्हणावं जरा," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं. "बाबा, व्हईल का हो?"

लहानपणी सायकलचं पंक्चर काढताना ती माझ्या शेजारी उकिडवी बसून असंच विचारायची, आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणायचो आणि प्रत्येक वेळी व्हायचं. कारण पंक्चर म्हणजे भोक. भोक पाण्यात धरलं की बुडबुडे येतात, माणसाला दिसतं. या लाल त्रिकोणाला मी कोणत्या पाण्यात धरणार होतो? दिवे हिरवे, वायर धड, पैसे भरलेले, डबा पूर्वेला, गावातली सगळी घड्याळं मागं. आणि माझी एकुलती एक लेक नगरच्या कुणा बाईला आपल्या पोटातलं नाव देऊन टाकायच्या बेतात.

"व्हईल माय," मी म्हणालो आणि वायर बघायला धावलो.

गच्चीवर गेलो. हुप्प्या लिंबावर बसला होता. मी त्याला हात जोडले. त्यानं दोन्ही हात वर करून दाखवले, म्हणजे तो म्हणत होता आज मी नाही. मी विश्वास ठेवला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही. खिडकीपासून खांबापर्यंत वायर काठीनं चाचपली. कुठं कुरतडलेली नव्हती. खाली आलो, टेबलाखाली शिरलो. तिथं वायरींचा असा गुंता होता की त्यात आमचं हरवलेलं मांजराचं पिल्लू सापडेल असं वाटलं. एकेक वायर काढायची, फुंकायची, परत घालायची. टेबल खिडकीला लागूनच, म्हणून तिथं रेंज पोचत होती; नेटवाल्याला पुन्हा फोन लावून तो कान आणि खांद्यामधे दाबून धरला होता.

"सर, होल्डवर ऱ्हा. मोठ्या सरांना विचारायलोय."

होल्डवर सनई लागली. एवढ्या दुःखात सनई. मी टेबलाखाली पालथा, तोंडात धूळ, एका हातात वायर, कानात सनई, आणि डोळ्यांसमोर बायांचे पाय. पाय दिसत होते म्हणून कळलं, की पाय हलायला लागले. आधी लेकीचे, जोडव्यांचे. ते दाराकडं गेले. मग बायकोचे. मग सगळे. जिन्यावर धाड धाड आवाज, जणू म्हशी सुटल्या.

"कुठं चालल्या गं?" मी टेबलाखालून ओरडलो.

"गच्चीवर!" मावशीचा आवाज आला. "टाकीपाशी रेंज लागती!"

मी बाहेर यायला डोकं उचललं ते टेबलाच्या फळीवर असं आपटलं की पिंगळी स्टेशनात गाडी आल्याची घंटा झाली असेल. डोळ्यांपुढं सगळे हिरवे दिवे. तसाच बसून राहिलो. वरून आवाज येत होते.

लेकीचा आवाज, मोठ्यानं, टाकीपाशी उभं राहून बोलायला लागतं तसा: "अरे, ते दाखवायचं राहू दे. कानातच सांगायचंय ना मला? फोन त्याच्या कानाला लाव. स्पीकर बंद कर. कुणी ऐकायचं न्हाई. लावलास? उजव्या कानाला. लाव."

मग बायांचा गलका, बुक्क्या धपाधपा, लेकीचं "अगं हळू, फोन पडंल!" आणि कुर्र. माझ्या लेकीचं कुर्र म्हणजे साधं नाही. लिंबावरचे सगळे पारवे उठले. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. तिनं ओंजळीत धरून सांगितलं असणार. आमच्या गच्चीवरच्या टाकीपासून जर्मनीतल्या एका कानापर्यंत ते नाव गेलं आणि मधल्या सगळ्या जगात कुणाला कळलं नाही. मला तर नाहीच. मी टेबलाखाली सनई ऐकत होतो.

"सर," नेटवाला परत आला, "मोठे सर म्हणायलेत लाइन चालू हाय."

"हाय बाबा," मी म्हणालो. "चालू हाय." आणि फोन ठेवला.

बाहेर आलो तेव्हा खोलीत फक्त तिघं होतो. मी, पाळण्यातला वरवंटा आणि अण्णा. अण्णा माझ्या खुर्चीत जाऊन बसले होते. त्यांच्या पंचांगाचा प्रोग्राम उघडून बघत होते. हा प्रोग्राम मुलानं फार वर्षांपूर्वी सीडीवरून घालून दिलेला. त्याला इंटरनेट लागत नाही, म्हणून त्या घरभराच्या गोंधळात तो एकटा गुण्यागोविंदानं चालू होता. बाकी काही उघडत नाही आणि हा उघडतो, याचा सुद्धा मला राग आला.

"झालं का बारसं?" अण्णांनी विचारलं.

"झालं. फोनवर."

"बरं झालं. मुहूर्तात झालं." त्यांनी चष्मा वर केला. "मंग आता तुझं ते उघडत का न्हाई?"

"घड्याळ पुढं हाय म्हणायलंय," मी कंटाळून त्यांच्या कानात ओरडलो. "गावातली सगळी घड्याळं मागं केली, तरी म्हणतंय पुढं हाय!"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग अगदी सावकाश नखानं नरसिंहाच्या स्टिकरचा कोपरा उचलला, कपाळाला लावला आणि टेबलावर ठेवला. स्टिकरच्या खाली, पडद्याच्या कोपऱ्यात, कॉम्प्युटरचं स्वतःचं घड्याळ होतं. वेळ बरोबर होती. तारीख बरोबर होती. साल तीसेक वर्षं पुढचं होतं.

"ते व्हय?" अण्णा म्हणाले. "ते मीच लावलंय सकाळी."

प्रकार असा की तो प्रोग्राम फक्त आजचं पंचांग सांगतो. उद्याचं बघायचं असलं तर कॉम्प्युटरलाच उद्या आहे असं सांगायला लागतं. ही युक्ती अण्णांना त्यांच्या नातवानंच, म्हणजे माझ्या मुलानं, शिकवलेली. सकाळी अंघोळ करून, बारशाचा मुहूर्त पुन्हा एकदा तपासून, अण्णा बाळाची पत्रिका बघत बसले. पुढं सरकत गेले. शाळेत कधी जाईल, परदेशातून इकडं कधी येईल, साडेसाती कधी. एकेक साल पुढं लावत लावत ते त्याच्या लग्नापर्यंत पोचले, आणि तेवढ्यात बायकोनं हाक मारली, अण्णा, ताट वाढलंय. अण्णा जेवायला उठले. साल तिथंच राहिलं. एरवी ते मागं आणून ठेवतात. त्या दिवशी पुरणपोळी होती.

म्हणजे आमचा कॉम्प्युटर सकाळपासून नातवाच्या लग्नाच्या सालात जाऊन बसला होता, आणि मी त्याला बारा दिवसांच्या पोराच्या बारशाला बोलवत होतो. तो कसा येणार? तिकडं मांडव पडला असेल.

माझ्या तोंडात खूप काही आलं. अण्णांच्या वयाचा, माझ्या डोक्यावरच्या टेंगळाचा आणि गेलेल्या सगळ्या पासवर्डांचा विचार करून मी ते गिळलं आणि एवढंच विचारलं, "एवढ्या पुढचं कामून बघायचं, अण्णा?"

"मंग?" अण्णा म्हणाले. "तवा मी हाय का? आत्ताच बघून घ्यायला लागंल ना."

 मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. "कसं हाय?"

"चांगलं हाय. योग चांगला हाय. पोरगी पूर्वेकडची मिळंल." ते पडद्याकडं बघत राहिले. "तेवढं थोडं बघायचं ऱ्हायलंय."

जिन्यावरून बाया उतरायला लागल्या. मी घाईघाईनं साल मागं आणलं. तीसेक वर्षं एका बोटानं मागं आणायची म्हणजे काय, ते मलाच माहीत. मधे माझी निवृत्ती दोनदा लागली. साल बरोबर बसलं आणि दुव्यावर बोट टेकवलं, तर टेकवायच्या आधीच उघडलं. लाल त्रिकोण नाही, काही नाही. लख्ख जर्मनी.

एक हॉल, ताटं घेऊन उभी असलेली माणसं, आणि मधे माझा मुलगा बाळाला खांद्यावर घेऊन. लेक दारातच थबकली. मग बायांना बाजूला सारत आली आणि पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला.

"अगं आई, त्याचा कान बघ," ती म्हणाली. "उजवा. लालेलाल झालाय."

"ताई, फोन तापला होता," तिकडून मुलगा म्हणाला. "तू सोडेचनास. एवढं काय सांगत होतीस? मग मला सांगितलंस ते नाव तर दोनच अक्षरी आहे."

"तुला काय करायचंय," ती म्हणाली. "आमचं आत्या-भाच्याचं हाय." मावशीनं तिच्या पाठीत एक शेवटची बुक्की घातली, हिशोबात राहून गेलेली.

नाव काय ते मी इथं सांगत नाही. मला शेवटी कळलं, सगळ्या गल्लीला कळल्यावर, आणि या वेळी पोखर्णीला ते माझ्या आधी पोचलं होतं.

बाळ झोपलं. तिकडच्यांनी जेवायला घेतलं, इकडं बायकोनं घुगऱ्या वाटल्या. लेक पडद्यासमोरून हलेना. झोपलेल्या पोराकडं बघत पाळण्याची दोरी ओढत होती, आणि आमचा वरवंटा कुंची घालून मजेत झोके घेत होता. अंधार पडायच्या आत तिला गाडी होती. मुलानं तिकडून हात हलवला, पडदा बंद झाला. ती स्टेशनाकडं निघाली.

तिला सोडून मी परत आलो तेव्हा अण्णा माझ्या खुर्चीतच होते.

"झालं का समद्यांचं बघून?"

"झालं, अण्णा."

"मंग लाव बरं ते परत पुढं. माझं अर्धं ऱ्हायलंय."

मी खाली वाकलो, साल पुढं पुढं नेत त्या लग्नापर्यंत आणून ठेवलं, आणि नरसिंहाचा स्टिकर परत त्याच्या जागेवर अंगठ्यानं नीट दाबून बसवला.